कपाटातली चप्पल

मंगरूळपीरच्या बाजारात माझं चपला-बुटांचं दुकान आहे. वडील हातानं जोडे शिवायचे. मी बाहेरून आलेला तयार माल विकतो. एखाद्याचा पाय कुठल्याच मापात बसत नसला तर मात्र अजून स्वतः शिवून देतो. पुढे जे झालं त्यात लोकांनी मला बोलावलं ते या दुकानामुळेच, नाहीतर माझ्यासारख्या माणसाला विचारतं कोण.

शुगर आम्हा दोघांनाही आहे, मला आणि बायकोला. माझं गोळ्यांवर भागतं. तिची शुगर जुनी आणि हट्टी, तिच्यासारखीच. एका दुपारी ती स्वयंपाकघरातून ओसरीत आली, मला जेवायला वाढलं, परत आत गेली, आणि फरशीवर तिच्या मागोमाग रक्ताचे ठिपके उमटत गेले. सुनेनं ते पाहिले आणि ओरडली. दुकानातला एक बारीक खिळा माझ्या कपड्यांबरोबर घरी आला असावा, तो तिच्या टाचेत पूर्ण शिरला होता. ती म्हणाली, "कुठं? मले तं काही लागलं नाही." मी पकडीनं खिळा ओढून काढला तेव्हा ती वाकून बघत होती, दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तशी.

ती कामरगावची. मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे आमच्या घरात उर्दूपेक्षा वऱ्हाडीच जास्त चालते. तिच्या आईचा पाय शुगरनंच गुडघ्यापासून गेला होता. म्हातारी शेवटची वर्षं पडवीतल्या खाटेवर होती आणि तिचं सगळं हिनंच केलं. म्हणून हिची भीती एकच. मरणाचं तिला काही वाटत नसे. "जीव गेला तं एक बार गेला," ती म्हणायची, "पाय नाही जाला पाह्यजे." त्या खिळ्यानंतर मलाही तेवढं एकच हवं होतं, तिचे दोन्ही पाय शाबूत राहावेत. बाकी दुकान चालो न चालो.

त्याच सुमारास शहरातून एक डॉक्टर बाई आमच्या भागात येऊ लागल्या. तरुण होत्या, पायात साधे कॅनव्हासचे बूट. माझं लक्ष आधी तिकडेच जातं. शुगरनं बधिर झालेल्या पायांना जखमा होऊ नयेत म्हणून वेगळी चप्पल द्यायची, आणि ती दिल्यानं जखमा खरंच कमी होतात का ते पाहायचं, असं त्यांचं संशोधन होतं. त्या म्हणाल्या, "चप्पल कशी असावी हे आम्ही ठरवणार नाही. ज्यांना आजार आहे त्यांनीच ठरवायचं. तुम्ही आमच्या गटात या. तुम्हाला शुगरही कळते आणि चप्पलही."

माझा विश्वास बसला नाही. आमच्याकडे जो कोणी मत विचारायला येतो तो स्वतःचं मत पक्कं करूनच येतो, हा आजवरचा अनुभव. तरी गेलो, कारण बायकोचा पाय डोळ्यांसमोर होता. बाईंनी आधी तिलाच विचारलं होतं. तिनं पदराआडून नकाराची मान हलवली आणि मला म्हणाली, "तुमीच जा. मी काय सांगू तिथं? माहं सारं तं घरातच."

बैठक शाळेच्या एका रिकाम्या वर्गात असायची. पोरांच्या बाकांवर आम्ही म्हातारे गुडघे अडकवून बसायचो. पहिल्या दिवशी नाश्त्याला पोहे आणि जिलबी आली. एसटीतून निवृत्त झालेला एक कंडक्टर माझ्या शेजारी होता, त्याला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. त्यानं जिलबीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पेशंट कमी पडून राह्यले का तुमाले?" बाई लाजल्या. पुढच्या वेळेपासून बिनसाखरेचा चहा आणि फुटाणे, असा आमच्या गटाचा पहिला निर्णय झाला. त्या दिवसाची जिलबी मात्र आम्ही संपवली. टाकून थोडीच देणार?

गटात कामरगावच्या बाजूच्या एका तांड्यावरच्या बाई होत्या. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायच्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की थंडीत पाय तपासायला आलात तर तांड्यावर कुत्री आणि म्हाताऱ्याच भेटतील. डॉक्टर बाईंनी तपासणीचे महिने बदलले. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई ऐकतेय.

मग त्यांनी नमुन्याची चप्पल टेबलावर ठेवली. काळी, जाड, वर चिकटपट्ट्या. आत नरम रबर होतं, काम चांगलं होतं, पण दुकानात अशी चप्पल मी मागच्या फळीवर टाकली असती. ती हातोहात फिरली. शेवटी तांड्यावरच्या बाई बोलल्या.

"हे घालून गावात गेलो तं सारे इचारतीन, काय झालं पायाले? म्हनजे सांगा शुगर हाये. अन् घरात लग्नाची पोरगी असन तं? मायले शुगर तं पोरीले बी होईन म्हनतेत. सोयरीक मोडते, बाई."

हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, पण ऐकल्याबरोबर सगळ्यांना पटलं. कंडक्टर म्हणाला, आजार लपेल अशी चप्पल करा. मग आम्ही कामाला लागलो, आणि खरं सांगतो, मजा आली. बायकांसाठी लालसर तपकिरी रंग, पट्ट्यावर बारीक नक्षी, बाजूला बक्कल. पुरुषांसाठी गडद विटकरी. आतलं नरम रबर तसंच ठेवलं, पण कडेनं असं झाकलं की दिसू नये. पट्टा कुठं रुतेल, अंगठ्याला किती जागा लागेल, काळ्या मातीत शिलाई कुठून उसवेल, हे मी सांगत होतो आणि बाईंबरोबर आलेला कारागीर त्याप्रमाणे बदल करत होता. दोन-तीन बैठकांत जी चप्पल तयार झाली ती पाहून कंडक्टर म्हणाला, "हे घालून मी दुसरं लगन करतो." आम्हा सगळ्यांना आपल्या कामाचा अभिमान वाटला. मला तर जास्तच.

निम्म्या लोकांना चप्पल लगेच आणि निम्म्यांना नंतर, असं ठरलं होतं. कोणाला आधी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडलेलं. त्यात ओळखपाळख चालत नाही, असं बाईंनी बजावलं होतं. बायको या संशोधनात होती. तिची निवड लगेच चप्पल मिळणाऱ्यांत झाली. मी दर्ग्यात जाऊन फुलं चढवून आलो. संशोधनावर माझा विश्वास बसला होता असं नाही, पण नशीब आपल्या बाजूनं आहे असं वाटलं.

ज्या दिवशी चपला वाटल्या त्या दिवशी घरोघर ईद-दिवाळी एकत्र आल्यासारखं झालं. शेजारणी बघायला आल्या. बायकोनं पायात घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि म्हणाली, "नरम हाये." तिला तळव्याला नरम-कडक काहीच कळत नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी मी हो म्हटलं.

काही महिन्यांनी बाईंची माणसं घरोघर जाऊन पाय आणि चपला पाहू लागली. विचारलं की सगळे सांगत, रोज घालतो. पण चपलांचे तळ कोरे करकरीत. बाईंनी आम्हाला बोलावलं आणि काही चपला उलट्या करून टेबलावर ठेवल्या. मी एका नजरेत ओळखलं. त्या चपलांनी माती पाहिलीच नव्हती.

"टोचतात का?" बाईंनी विचारलं. "वजन जास्त आहे का? काय चुकलं आपलं?"

कंडक्टर खाली बघत होता. त्याच्या पायात जुनीच रबरी स्लिपर होती, अंगठ्याजवळ तार गुंडाळलेली. तो म्हणाला, "मॅडम, चुकलं काही नाही. इतकी छान चप्पल रोज कोन घालते? भाच्याचं लगन हाये पुढं. त्यासाठी ठेवली."

मग एकेक जण बोलू लागला. कोणी बाजाराच्या दिवसासाठी ठेवली होती, कोणी पाहुण्यांकडे जायला. तांड्यावरच्या बाईंनी तर पोरीला पाहायला येणार म्हणून तिलाच घालायला दिली होती. आजार झाकायची म्हणून आम्ही ती चांगली केली, आणि चांगली झाली म्हणून ती कपाटात गेली. डॉक्टर बाईंनी चपला एकट्यांनीच ठरवल्या असत्या तर त्या काळ्या आणि भोंगळ झाल्या असत्या, आणि लोकांनी वेगळ्या कारणानं घातल्या नसत्या. बाई आधी हसल्या, मग त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला. मलाही हसू येत होतं, पण बायकोच्या पायातही ती चप्पल कधी दिसली नाही हे आठवून ते विरलं.

घरी गेलो आणि बायकोचं लोखंडी कपाट उघडलं. चप्पल तिच्या शालूखाली होती, मलमलच्या कपड्यात गुंडाळून, डब्यासकट.

"काहून ठेवली?" मी ओरडलोच.

"पुतन्याचा निकाह हाये."

"निकाहले आजून किती दिवस हायेत! तोपर्यंत पायाले काही झालं मंग?"

"मी बाहेर जातो कुठं?" ती शांतपणे म्हणाली. "घरात तं चप्पल कोनी घालत नाही. तुमी घालता?"

माझ्या घराच्या उंबऱ्याबाहेर चपलांची रांग असते, आणि आतमध्ये चपला विकणारा सुद्धा अनवाणी असतो. मी तिच्याकडून बाहेर पडताना चप्पल घालायचं वचन घेतलं. तिनं ते पाळलं. दवाखान्यात, नातेवाइकांकडे जाताना ती चप्पल घालू लागली. पण बाहेर ती खरंच जात नव्हती फारशी. आणि गटात आम्ही जे बोललो होतो ते सगळं बाहेरचं: शेत, रस्ता, बाभळीचे काटे, बाजार, दर्ग्याचं तापलेलं आवार. घरात पायाला काही होतं हे त्या खिळ्यानंतर मला तरी सुचायला हवं होतं असं कोणी म्हणेल. पण खिळा ही कधीतरी होणारी गोष्ट, आणि घरातला खिळा न् खिळा मी त्या दिवसापासून वेचून काढत होतो.

उन्हाळ्यात बायका गच्चीवर वाळवणं घालतात. शेवया, पापड, कुरडया, मिरच्या. आमच्याकडे धुतलेल्या साड्या आणि चादरी अंथरून सगळ्या गल्लीच्या शेवया एकाच मोठ्या स्लॅबवर पडतात, आणि जिथं खाण्याचं पसरलंय तिथं चप्पल घेऊन कोणी जात नाही. अगदी कोरी चप्पलही नाही. हे कोणी कोणाला शिकवलेलं नाही. बायका भर दुपारी वर जातात, उलटसुलट करतात, पाय भाजला की एका पायावर नाचत, हसत सावलीला पळतात. माझी बायको नाचत नव्हती. तिला भाजतच नव्हतं, त्यामुळे तिच्यावर भरवसा होता. दुपारचं पालटायचं काम गल्लीनं तिच्याकडे दिलं होतं, आणि तिला त्याचा थोडा गर्वही होता. "साऱ्या नाजूक," ती शेजारणींना चिडवायची, "एवढ्या उनानं पळता!"

अशाच एका दिवशी तिसऱ्या प्रहरी ती नमाजसाठी वजू करायला बसली. उजवा पाय धुताना तळव्याची कातडी बाहेरच्या बाजूनं सुटून तिच्या हातात आली. तिनं मला हाक मारली तेव्हा आवाजात भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. मी पाय पाहिला आणि मला तिच्या आईची खाट दिसली.

इथल्या डॉक्टरांनी पट्टी केली. जखम सुकेल असं वाटलं, मग करंगळी काळी पडली. अकोल्याला नेलं. तिथल्या सर्जननं सांगितलं की पाय वाचवतो, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागेल, आणि उशीर केला तर मग पायाचंही सांगता येणार नाही. बायकोनं माझ्याआधी मान हलवली. बोटं गेली, पाय राहिला. लोक मला म्हणाले, अल्लाची मेहेरबानी. मीही तेच म्हणत होतो. मनातून मात्र मला इतका राग होता की तो कोणावर काढावा हेच कळत नव्हतं, आणि डॉक्टर बाई सगळ्यांत सोयीच्या होत्या.

त्या घरी भेटायला आल्या तेव्हा मी ठरवूनच बसलो होतो. बायको दिवाणावर पाय लांब करून बसली होती. मी म्हणालो, "हिचं नाव काढून टाका तुमच्या संशोधनातून. अन् माहं बी गटातून काढा. आमी ठरवली थे चप्पल, आमाले मिळाली बी, अन् बोटं तरी गेली."

बाई म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तर यापुढे आम्ही येणार नाही, काही विचारणार नाही. पण ज्यांना चप्पल मिळाली त्यांच्यात यांची गणती झालीये, ती राहील. ज्यांचं वाईट झालं त्यांना मी काढत गेले तर शेवटी चप्पल सगळ्यांना लाभली असंच दिसेल. ते खोटं होईल."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. घरातल्या माणसाची बोटं गेली आणि ही बाई मला गणती सांगत होती. मी उठायलाच निघालो, पण बायको पुढं झुकली.

"म्हनजे माही बोटं मोजली तुमी?" तिनं विचारलं.

"मोजली."

"चप्पल देऊन बी गेली, अशी?"

"हो."

"अन् चप्पल खाली होती अन् मी वर गच्चीवर, थे?"

बाईंनी मान हलवली. "ते नाही मोजलं. घरात काय होतं ते आम्ही कोणाला विचारलंच नाही."

"मंग इचारा ना," बायको म्हणाली, आणि मग ती बोलतच गेली. रस्त्याची चप्पल घरात येत नाही. घरातही चुलीजवळ नाही, आणि शेवया पसरल्या तिथं तर नाहीच. तरीही पाय झाकले पाहिजेत, कारण भाजतं ते तिथंच. चामडं नको, बक्कल नको. रोज धुता आली पाहिजे. उंबऱ्याबाहेर कधीच न गेलेली हवी, म्हणजे मन मानेल. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर आहे, पण चपलेविषयी ती इतकं कधी बोलली नव्हती. शेवटी म्हणाली, "अन् दिसाले अशी भद्दी करा का घालून रस्त्यावर जाची कोनाची हिंमत नाही झाली पाह्यजे. नाही तं पुन्हा कपाटात जाईन."

बाई हसल्या. सूनही दारात उभी राहून हसली. मी हसलो नाही.

"अशी केली तं बाकी बायांचे पाय वाचतीन?" बायकोनं विचारलं.

"खरं सांगू? माहीत नाही," बाई म्हणाल्या. "देऊन पाहावं लागेल."

"पाहा मंग," ती म्हणाली. "म्हनजे माही बोटं वाया नाही गेली."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. तिची बोटं वायाच गेली असं मला वाटतं, आणि दुसऱ्या कोणाचा पाय वाचल्यानं ती परत येणार नाहीत. पण बोटं तिची होती. त्यानंतर बैठकांना तीच जाऊ लागली. मी तिला स्कूटरवर शाळेपर्यंत सोडतो आणि बाहेर थांबतो.

त्या दिवशी बाईंनी जाताना विचारलं की घरातल्या चपलेचा एक नमुना मी करून देईन का. मी उत्तर द्यायच्या आत बायकोनं सुनेला जुना पुठ्ठा आणायला सांगितलं, जमिनीवर ठेवायला लावला आणि त्यावर उजवा पाय टेकवला. पट्टी नुकतीच निघाली होती. मी खाली बसलो आणि टाचेपासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. लग्नानंतर पहिल्यांदा तिचं माप घेतलं होतं तेव्हा गुदगुल्या होतात म्हणून तिनं पाय मागे ओढून घेतला होता आणि मला सगळं पुन्हा करावं लागलं होतं. आता पाय जागचा हलला नाही. बाहेरच्या कडेनं वर जाता जाता पेन्सिल सवयीनं करंगळीच्या वळणाकडे निघाली आणि तिथं वळायला काही नव्हतं. माझा हात थांबला.

"झालं का?" तिनं विचारलं. पेन्सिल चालू आहे की थांबली हे तिला कळत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "आंगठा राह्यला आजून."